रोल अजून मिळतो का?

गळ्यात जुना कॅमेरा अडकवून परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या पॅसेंजरने पिंगळीला उतरा. स्टेशनाबाहेर पडेपर्यंत तीन प्रश्न ठरलेले. पहिला : "ह्याच्यात रोल टाकावा लागतो का?" दुसरा : "रोल अजून मिळतो का?" आणि तिसरा, जरा हसत विचारलेला : "मोबाईल असताना ही उठाठेव कशाला?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एका दमात देता येतात. हो, टाकावा लागतो. आणि हो, मिळतो. अमेरिकेत कोडॅकचे आणि इंग्लंडमध्ये इलफर्डचे रोल आजही तयार होतात आणि मुंबई-पुण्याच्या दुकानांतून कुरिअरने परभणीपर्यंत पोचतात. कृष्णधवल रोल घरच्या न्हाणीत धुता येतो, रंगीत रोल बहुतेक जण शहरातल्या लॅबला पाठवतात.

तिसऱ्या प्रश्नासाठी हे सगळं प्रकरण. माझं मत आधीच सांगून ठेवतो : फोटो काढायला आज मोबाईल पुरतो, फोटोग्राफी शिकायला फिल्म बरी पडते आणि फोटो राखायला दोघांची जोडी लागते. हे कसं, ते पायरीपायरीने पाहू.

१. फिल्म म्हणजे विरजण लागलेलं दूध

चांदी आणि ब्रोमीन यांच्या संयोगातून एक क्षार तयार होतो. त्याचं नाव सिल्व्हर ब्रोमाइड. त्याचा गुण असा की तो उजेडाला हळवा असतो. या क्षाराचे अतिसूक्ष्म कण जिलेटिनमध्ये कालवतात. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला चिकट पदार्थ, जेलीत असतो तोच. हे कालवण पातळ प्लास्टिकच्या पट्टीवर सारवलं की झाली फिल्म. नेहमीच्या रोलची पट्टी ३५ मिमी रुंद असते, दोन्ही कडांना भोकांची रांग असते आणि एका फोटोच्या वाट्याला २४ बाय ३६ मिमीची चौकट येते. काडेपेटीपेक्षाही लहान.

कॅमेऱ्याचं बटण दाबलं की या चौकटीवर क्षणभर उजेड पडतो. जिथे पडतो तिथल्या कणांमध्ये चांदीचे दोन-चार अणू क्षारापासून सुटे होतात. एवढंच. त्या वेळी फिल्म बाहेर काढून पाहिली (पाहू नये, वाया जाईल) तर तिच्यावर काहीच दिसणार नाही.

रात्री कोमट दुधाला चमचाभर दही लावून ठेवतो, तसंच हे आहे. लावल्या लावल्या पातेल्यात डोकावलं तर दूधच दिसतं, पण काम सुरू झालेलं असतं. फिल्मवरचे ते सुटे अणू म्हणजे विरजण. पुढे फिल्म डेव्हलपर नावाच्या रसायनात बुडवली की ज्या कणाला विरजण लागलंय तो अख्खा कण चांदीचा होतो. ज्याला लागलेलं नाही तो तसाच राहतो.

आता हे न लागलेले कण काढून टाकायला हवेत. ते अजून उजेडाला हळवेच असतात, बाहेर काढले की हळूहळू काळवंडतील. त्यासाठी दुसरं रसायन लागतं. कुठल्याही जुन्या स्टुडिओवाल्याच्या तोंडी त्याचं नाव आहे : हायपो. चांदीचे क्षार हायपोत विरघळतात हे जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१९ साली नोंदवून ठेवलं होतं. पुढे वीस वर्षांनी, १८३९ साली, फोटोग्राफीचा शोध जगापुढे आला तेव्हा तेच ज्ञान कामी आलं. 'निगेटिव्ह' आणि 'पॉझिटिव्ह' हे शब्दही हर्शेलनेच या कामात रूढ केले.

उरली चांदी. पण ती काळी का दिसते? पैंजणाची चांदी चकाकते, कारण तिचा पृष्ठभाग सपाट असतो. फिल्मवरची चांदी वेड्यावाकड्या सूक्ष्म तंतूंच्या गुंत्यासारखी असते. तो गुंता उजेड गिळतो. म्हणून जिथे उजेड जास्त पडला तिथे काळं, आणि जिथे पडला नाही तिथे पारदर्शक. आजोबांचं पांढरंशुभ्र धोतर निगेटिव्हवर काळंकुट्ट दिसतं आणि त्यांच्या मागची काळी माती काचेसारखी स्वच्छ दिसते, ते यामुळे.

२. डिजिटल म्हणजे पर्जन्यमापकांचं शेत

मोबाईलमध्ये फिल्मच्या जागी सेन्सर असतो. आपल्या मंडळात काल किती मिलिमीटर पाऊस पडला हे पर्जन्यमापकावरून कळतं. तो पाऊस पेरत नाही की जिरवत नाही, फक्त मोजतो. सेन्सर म्हणजे नखाएवढ्या जागेत शेजारी शेजारी मांडलेले लाखो पर्जन्यमापक, फक्त पाण्याऐवजी उजेड मोजणारे. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे असे १ कोटी २० लाख मापक. प्रत्येकाने मोजलेला आकडा कॅमेऱ्यातला छोटा संगणक टिपतो आणि त्या आकड्यांतून चित्र उभं करतो. थोडक्यात, फिल्मवर उजेडाने वस्तू बदलते आणि डिजिटलमध्ये उजेडाचे आकडे होतात.

यातून एक व्यवहारातला फरक निघतो. तो कळला की अर्धं शिक्षण झालं.

पर्जन्यमापक काठोकाठ भरला की वरून कितीही पडो, नोंद तेवढीच. डिजिटल फोटोत आभाळ नुसतं पांढरंफटक येतं, ढगाचा मागमूस राहत नाही, तेव्हा त्या भागातले मापक भरून वाहिलेले असतात. मग कोणताही संगणक तिथले ढग परत आणू शकत नाही. निगेटिव्ह फिल्म आपल्या काळ्या रानासारखी आहे. ती पीत जाते. उजेड दुप्पट, चौपट झाला तरी जरा जास्त काळवंडते, पण तपशील बराचसा धरून ठेवते.

उलट बाजूही आहे. पाऊस फारच थोडा पडला तर पर्जन्यमापक निदान अर्धा मिलिमीटर तरी दाखवतो. रानात मात्र तेवढ्यावर बी उगवत नाही. फिल्मला उजेड कमी पडला की सावलीचा भाग कोराच राहतो, तिथे नंतर उकरून काढायला काही नसतं. डिजिटलमध्ये अंधारातला भाग बऱ्यापैकी उजळता येतो.

पिंगळीच्या बारवेवर भर दुपारी जाऊन हे पडताळून पाहता येईल. परभणी जिल्हा तसा बारवांचा. सेलू तालुक्यात वालूर आहे, जिंतूर तालुक्यात चारठाणा आहे. बारवेच्या वरच्या पायऱ्यांवर ऊन भाजत असतं आणि तळाशी गारेगार सावली असते. मोबाईलने फोटो घेताना उन्हातल्या पायरीवर बोट टेकवा, म्हणजे तो दगड जपून उजेड मोजेल. फिल्म कॅमेऱ्याने घेताना हिशोब तळाच्या सावलीचा धरा, ऊन फिल्म सांभाळून घेते. जुने लोक एका ओळीत सांगायचे : निगेटिव्हला सावली दाखव. आज त्याला जोड द्यायची : सेन्सरला ऊन सांभाळ.

३. दारं धरण्याचा हिशोब

फोटोग्राफी शिकायला बसलेला माणूस अडतो तो तीन शब्दांवर : अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ. ज्याने रात्रीच्या लाइटीला उठून पिकाला पाणी दिलंय, त्याला हे तीन शब्द सोपे जावेत.

दारं धरताना तीन गोष्टी असतात. दारं किती रुंद उघडलं, किती वेळ उघडं ठेवलं आणि वाफा केवढा आहे. लेन्समधलं लहानमोठं होणारं भोक म्हणजे अ‍ॅपर्चर, ही दाराची रुंदी. शटर म्हणजे किती वेळ. आणि आयएसओ म्हणजे वाफ्याचा आकार. आयएसओ १०० चा रोल म्हणजे मोठा वाफा, त्याला भरपूर पाणी लागतं. ४०० चा रोल म्हणजे त्याच्या चौथाई वाफा, चौथाई पाण्यात भरतो. मग सगळे ४०० च का वापरत नाहीत? कारण त्याचे कण जाड असतात, फोटो थोडा रवाळ दिसतो. लापशी आणि खिरीतला फरक.

अ‍ॅपर्चरचे आकडे विचित्र दिसतात : २.८, ४, ५.६, ८, ११, १६. त्यात आकडा वाढला की भोक लहान होतं. हे उलटं वाटतं, पण आकड्याला 'कितवा भाग' समजा. भाकरीचा सोळावा भाग चौथ्या भागापेक्षा लहानच असणार. ५० मिमीच्या लेन्सला २ हा आकडा म्हणजे ५० चा दुसरा भाग, २५ मिमीचं भोक. १६ म्हणजे ५० चा सोळावा भाग, जेमतेम ३ मिमी. वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे एक पायरी सरकलं की उजेड निम्मा होतो, उलटं सरकलं की दुप्पट. या पायरीला फोटोवाले स्टॉप म्हणतात.

आता एक नियम. त्याला ना उजेड मोजणारा मीटर लागतो ना बॅटरी. स्वच्छ भर उन्हात अ‍ॅपर्चर १६ ठेवा आणि रोलचा जो आयएसओ असेल तितकावा भाग सेकंद शटर ठेवा. रोल १०० चा असेल तर शटर १/१०० सेकंद. कॅमेऱ्यावर १०० नसतं, त्याच्या जवळचं १/१२५ असतं, ते चालतं. आपल्याकडे वर्षातले आठ महिने हा नियम डोळे मिटून लागू पडतो.

हाच नियम वाकवून पाहू. शटर तेच, १/१२५.

आभाळ थोडं झाकोळलं, सावल्या फिकट झाल्या : ११.
पूर्ण ढगाळ, सावलीच पडत नाही : ८.
आषाढातलं गच्च आभाळ : ५.६.
लिंबाखालची मोकळी सावली : ४.

दुसरं उदाहरण. भर उन्हात पोरं पकडापकडी खेळतायत. १/१२५ ला पळणारे पाय पुसट येतात, म्हणून शटर १/५०० हवं. १२५ वरून २५०, २५० वरून ५००, म्हणजे दोन पायऱ्यांनी वेळ कमी केला. उजेड चौथाई झाला. तो भरून काढायला दारं दोन पायऱ्या जास्त उघडा : १६ वरून ११, ११ वरून ८. उत्तर : १/५०० आणि ८. पाणी तेवढंच गेलं, फक्त मोठ्या दाराने कमी वेळात गेलं.

मोबाईलही प्रत्येक फोटोला हाच हिशोब करतो, पण तो आपल्याला न विचारता करतो. म्हणून दहा हजार फोटो काढलेल्या माणसालाही पळणारे पाय पुसट का आले हे सांगता येत नाही.

४. पहिला रोल

आता कॅमेरा. माळ्यावर आग्फाचा क्लिक थ्री सापडला तर जपून ठेवा. त्यात रुंद रोल लागतो आणि १२ चौकोनी फोटो येतात. ऐंशी-नव्वदच्या दशकांतले हॉट शॉट किंवा कोडॅकचे केबी १० यांनी घराघरात बारशी-वाढदिवस टिपले, पण त्यांत आपण ठरवायचं असं फारसं काही नसतं. शिकण्यासाठी अ‍ॅपर्चर आणि शटर हाताने लावता येणारा कॅमेरा पाहा : पेंटॅक्स के १०००, निकॉन एफएम १०, रशियन झेनिट किंवा याशिकाची एखादी एफएक्स. सगळे आता जुन्या बाजारातच मिळतात. घेताना लेन्स उजेडाकडे धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते बघा. मागचं झाकण उघडून कडेचा काळा स्पंज चिकट झालाय का ते बोटाने तपासा, कारण तो गेला की उजेड आत झिरपतो. शटर सगळ्या वेगांना ऐका. १ सेकंद आणि १/५०० यांचा आवाज एकसारखा आला तर कॅमेरा परत द्या.

रोल भरताना माझ्याकडून झालेली चूक सांगतो. पहिला रोल भरला, छत्तीस फोटो काढले, वर आणखी चार निघाले म्हणून खूश झालो. लॅबमधून पट्टी आली ती लख्ख पारदर्शक. फिल्मचं टोक चाकात अडकलंच नव्हतं. मी दोन दिवस रिकामी कळ दाबत होतो. तेव्हापासून एक सवय लागली : प्रत्येक फोटोनंतर कळ ओढताना डावीकडची गुंडाळायची कळही फिरतेय का ते पाहायचं. ती फिरली म्हणजे आत फिल्म पुढे सरकतेय.

सोबत एक छोटी वही ठेवा. फोटोचा नंबर, अ‍ॅपर्चर, शटर आणि उजेड कसा होता, एवढंच एका ओळीत. पहिल्या रोलचे तीन भाग करा. पहिले बारा एकाच जागेचे, वेगवेगळ्या वेळी. पिंगळीचा फलाट चालेल, गावातला पारही चालेल. पुढचे बारा चेहऱ्यांचे, सगळे सावलीत. शेवटचे बारा हालचालीचे : कापूस वेचणारे हात, वळण घेणारी बैलगाडी, सुटलेली गाडी.

छत्तीस हा आकडा इथे गुरुजींचं काम करतो. प्रवासाला निघताना भाकरी मोजून बांधून दिल्या असतील तर प्रत्येक भाकरी सोडताना विचार होतो, तसाच प्रत्येक फोटोआधी होतो. समोरची म्हातारी पदर सावरतेय, आत्ता घ्यावा की तिने वर पाहण्याची वाट बघावी? थांबायला शिकलेला माणूस पुढे मोबाईलनेही थांबूनच फोटो घेतो.

५. अंधारातली दहा मिनिटं

फिल्म धुणं म्हटलं की लाल दिवा आठवतो. तो दिवा फोटोच्या कागदासाठी असतो. कृष्णधवल कागदाला तांबडा उजेड दिसत नाही. नेहमीच्या फिल्मला मात्र दिसतो, म्हणून फिल्मचं काम पूर्ण अंधारात, बोटांनी.

हे काम महाराष्ट्रात कुणी किती निष्ठेने केलं, याचा एक दाखला सांगतो. दादासाहेब फाळके मुळात फोटोग्राफर. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्याला स्टुडिओ चालवलेले. १९१२ साली त्यांनी लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा चलच्चित्र कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र खरेदी केलं. त्या काळी कच्ची फिल्म बिनभोकांची यायची आणि भोकांशिवाय ती कॅमेऱ्यात पुढे सरकायची नाही. मग दादरच्या घरी अंधार करून फिल्मला ही भोकं पाडायला बसायच्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. रसायनं कालवणं आणि फिल्म धुणंही त्या शिकल्या, वर चित्रीकरणाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. आधी कुंडीतला वाटाणा उगवताना थोडा थोडा टिपून 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. सरस्वतीबाईंनी हे सगळं घरात जमवलं. आपल्याला तर एकच रोल धुवायचाय.

साहित्य थोडं : झाकणाचा डबा, त्यात बसणारी फिरकी, थर्मामीटर, मोजपात्र, डेव्हलपर आणि हायपो. स्वयंपाकाची भांडी यासाठी वापरू नका आणि रसायनं पोरांच्या हाताला लागतील अशी ठेवू नका. रात्री घरातली आतली कोठी निवडा, दाराच्या फटीला गोधडी लावा. पाच मिनिटं आत बसा. डोळे सरावल्यावर कुठेही उजेडाची रेघ दिसली तर ती बुजवा.

मग फिल्म फिरकीवर चढवायची. एका वाया गेलेल्या रोलवर हा सराव आधी उघड्या डोळ्यांनी, मग मिटलेल्या डोळ्यांनी करा. अंधारात फिल्मची कड अंगठ्याला लागते, भोकांची रांग नखाला खरखरते. खाचेत बसली की ती सरसर पुढे जाते. अडली तर रेटू नका, दोन वेढे मागे घ्या. डब्याचं झाकण लागलं की दिवा लावा. पुढचं सगळं उजेडात.

डेव्हलपर २० अंश सेल्सिअसला असावं लागतं आणि परभणीकराची अडचण इथेच सुरू होते. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, नळाला पाणी कोमट नव्हे, गरम येतं. गरम डेव्हलपर घाई करतं आणि जिलेटिन मऊ पडून थर दुखावतो. म्हणून परातीत बर्फाचं पाणी घेऊन त्यात बाटल्या बुडवून ठेवायच्या. डिसेंबर-जानेवारीत उलटा प्रकार. परभणीची थंडी राज्यात गाजलेली, तेव्हा बाटली कोमट पाण्यात ठेवावी लागते. ढोबळ हिशोब असा की तापमान एक अंशाने वाढलं की वेळ सुमारे एक दशांशाने कमी करायचा. २० अंशाला साडेसात मिनिटं लागत असतील तर २४ ला जवळपास पाच. २४ अंशांच्या वर जाऊ नये. गंमत म्हणजे रंगीत रोलचं रसायन ३८ अंशाला लागतं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिथपर्यंत आपोआप पोचलेलं असतं.

डेव्हलपर ओता, पहिलं अर्धं मिनिट डबा हळुवार उलटासुलटा करा, मग दर मिनिटाला दहा सेकंद. डबा ओट्यावर टकटक आपटा, म्हणजे बुडबुडे सुटतील. वेळ संपली की ओतून टाका, साध्या पाण्याने खळबळा, मग पाचेक मिनिटं हायपो. त्यानंतर झाकण उघडायला हरकत नाही. भरपूर पाण्यात धुऊन पट्टी कपड्याच्या चिमट्याने दोरीवर टांगा, खाली दुसरा चिमटा वजनाला. फाल्गुनातली धूळ उडत असेल तर न्हाणीचं दार लावून घ्या. वापरलेल्या हायपोत विरघळलेली चांदी असते. ते विहिरीत-ओढ्यात टाकू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवा.

ओली पट्टी खिडकीशी धरून पहिल्यांदा पाहण्याचा क्षण कुणी वर्णन करून सांगितलेला पुरत नाही, म्हणून मीही सांगत नाही.

६. खर्च, आणि कुणाची जागा कुठे

आता रोकडा हिशोब. समजा रोल, धुणं आणि स्कॅनिंग मिळून १,१०० रुपये लागले. ३६ ने भागा : एका फोटोला साधारण ३० रुपये. घरी कृष्णधवल धुतला तर निम्म्यापर्यंत येईल. मोबाईलच्या फोटोचा खर्च जवळजवळ शून्य. या मैदानात फिल्म हरते, हे सरळ मान्य करावं.

आणखीही अनेक ठिकाणी ती हरते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाईलने पिकाचा फोटो घेतो, त्याच्यासोबत अक्षांश-रेखांश जातात आणि सातबाऱ्यावर पीक लागतं. हे काम रोलने होणार नाही. नुकसानीचा पंचनामा, रात्रीचं कीर्तन, लग्नाचे दोन हजार फोटो, दूरच्या लेकीला क्षणात पाठवायचं बाळाचं हसू, ही सगळी डिजिटलचीच कामं.

डिजिटलचा जन्म फिल्मच्याच घरात झाला, हे मात्र फारसं माहीत नसतं. १९७५ साली कोडॅकमधल्याच स्टीव्ह सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्यात अवघे दहा हजार पिक्सेल होते आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. २०१२ च्या जानेवारीत त्याच कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्याकडे उटीला १९६० साली हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी उभी राहिली होती. 'इंदू' नावाने ती रोल, कागद आणि दवाखान्यांसाठी एक्स-रे फिल्म काढायची. तीही बंद झाली. तरी फिल्म संपली नाही. २०२३ चा 'ओपनहायमर' हा चित्रपट फिल्मवरच चित्रित झाला आणि त्यासाठी कोडॅकने खास रुंद कृष्णधवल फिल्म बनवून दिली.

म्हणून शिकणाऱ्याने दोन्ही हाताशी ठेवावेत. फिल्म कॅमेऱ्यातला मीटर बंद असेल तर मोबाईलवरचा मीटर वापरा. चौकट कशी बसते ते आधी मोबाईलवर पाहा, मग फिल्मचा एक फोटो खर्च करा. ठरवायची सवय फिल्मवर लावून घ्या आणि सराव डिजिटलवर करा.

७. माळ्यावरचं पाकीट

राहिलं राखणं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर होते लाला दीनदयाळ (१८४४ ते १९०५). त्यांच्या काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत, संख्येने अडीच हजारांहून अधिक. शंभर वर्षांपूर्वीची ती काच खिडकीशी धरली तर आजही वाचता येते. तिला चार्जर लागत नाही, पासवर्ड लागत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची सीडी लावायला आज घरात यंत्र उरलेलं नाही.

निगेटिव्ह अमर नसते, हेही खरं. जुन्या काळची नायट्रेटची फिल्म पेट घेते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात अशाच रिळांच्या कोठाराला आग लागली आणि अनेक दुर्मीळ चित्रपटांच्या प्रती गेल्या. नंतरच्या फिल्म सहज पेट घेत नाहीत, पण उष्णता आणि दमट हवेत कुजतात आणि कुजताना व्हिनेगरसारखा आंबट वास सोडतात. पत्र्याखालचा माळा ही त्यांना ठेवायची सगळ्यात वाईट जागा.

आणि इथेच डिजिटल कॅमेरा फिल्मच्या उपयोगी पडतो. मोबाईलच्या पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, उजेड पूर्ण वाढवा. त्यावर बोटभर उंचीची काच ठेवा, काचेवर निगेटिव्ह, आणि खोलीतले दिवे बंद. दुसऱ्या मोबाईलने वरून सरळ फोटो घ्या आणि फोटो सुधारायच्या अ‍ॅपमध्ये रंग उलटे करा. काळ्या धोतरातले आजोबा पांढऱ्या धोतरात समोर येतील.

तेव्हा नवा-जुना कुठलाही कॅमेरा घेण्याआधी आजच एक काम करा. घरातली पत्र्याची पेटी उघडा, लग्नपत्रिकांच्या आणि खताच्या पावत्यांच्या खाली स्टुडिओचं पिवळं पडलेलं पाकीट आहे का पाहा. गावातला जुना स्टुडिओ बंद होत असेल तर मालकाला भेटा आणि निगेटिव्हची खोकी भंगारात देऊ नका म्हणून विनवा. फोटो हरवला तर निगेटिव्हवरून पुन्हा काढता येतो. निगेटिव्ह भंगारात गेली की त्या गावाचं ते वर्ष परत कुठूनही आणता येत नाही.